पाण्यात विष, आणि तेही परवानगीने?

उन्हाळ्यात ओढा आटू लागला, की उरलेल्या डोहात रामेठ्याची साल ठेचून टाकायची आणि वर आलेले मासे गोळा करायचे, हा प्रकार आपल्या वडीलधाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. आता सालीची जागा कीटकनाशकाच्या बाटलीने घेतली आहे. मागे अशाच एका प्रकाराबद्दल आम्ही दोन तरुणांची कानउघाडणी केली, तेव्हा त्यांतील एकाने आम्हांलाच विचारले, "फादर, आम्ही केले तर गुन्हा. मग अमेरिकेत शास्त्रज्ञ तलावात विष घालून मासे मोजतात, त्यांना सरकार परवानगी कशी देते?"

मुलगा वाचणारा आहे, आणि त्याने सांगितलेले खरे आहे. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी येथे देत आहोत.

तलावात मासे किती आहेत हे कळल्याशिवाय किती धरावेत व किती बीज सोडावे हे ठरत नाही. जाळ्यात सर्व मासे येत नाहीत. बारीक मासे निसटतात, चिखलात बसणारे सापडत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत धरणांच्या जलाशयांत एक पद्धत पुष्कळ वर्षे चालली. जलाशयाचा आत शिरलेला एखादा फाटा तोंडाशी जाळे लावून बंद करायचा, आत रोटेनॉन नावाचे विष घालायचे आणि दोन-तीन दिवस मेलेले मासे वेचून, जातवार निवडून, मोजून तोलायचे. त्यावरून साऱ्या जलाशयाचा अंदाज बांधायचा.

हे रोटेनॉन काही वनस्पतींच्या मुळांतून निघते. ते कल्ल्यांवाटे माशाच्या रक्तात जाते आणि पाण्यात प्राणवायू असूनही माशाच्या शरीराला तो वापरता येत नाही. दहा लाख भाग पाण्यात एक भागाहूनही कमी रोटेनॉन त्यास पुरते. ऊन व उष्णता यांनी ते लवकर निकामी होते, थंड पाण्यात मात्र अधिक दिवस टिकते. जाळ्याबाहेर गेलेले विष मारण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपण विहिरीत टाकतो तेच जांभळे औषध, वापरतात.

'वनस्पतीचे आहे, म्हणजे निरुपद्रवी' असे मात्र कोणी समजू नये. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, शेतीत रोटेनॉन हाताळलेल्या लोकांत कंपवाताचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट आढळले. एवढ्यावरून कारण सिद्ध झाले असे नाही, पण सावध होण्यास तेवढे पुरे आहे. त्याआधी, २००६ साली, उत्पादकांनी पिके, गुरे व घर यांसाठीचा तेथील वापर मागे घेतला होता. २००७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते केवळ मासे मारण्यासाठी चालू ठेवले, तेही प्रशिक्षित व प्रमाणित माणसाच्या हातूनच.

म्हणजे परवानगी आहे, पण ती बांधलेली आहे. प्रश्न असा, की एवढ्याने भागते का? आमच्या मते भागत नाही, आणि त्याचे कारण कॅलिफोर्नियातील डेव्हिस तलावाने दाखवून दिले. तेथील काम मोजणीचे नव्हते. बाहेरून आलेला पाईक नावाचा हिंस्र मासा संपवायचा होता. पण विष तेच, आणि परवानगीचा धडाही तोच. जवळच्या पोर्टोला गावाचे पिण्याचे पाणी या तलावातून येई. लोकांनी विरोध केला. तरी १९९७ साली सरकारने विष घातले. औषधातील एक मिश्रण सांगितल्यापेक्षा अधिक काळ पाण्यात राहिले. गावाला तलावाचे पाणी सोडावे लागले आणि सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. १९९९ साली पाईक पुन्हा दिसला, व २००७ साली सारे काम नव्याने करावे लागले. कागदावर सर्व परवानग्या होत्या. नव्हती ती पाणी पिणाऱ्यांची संमती.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. संशोधनासाठी पाण्यात विष घालण्याची परवानगी कधीच देऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण तीन गोष्टी झाल्याशिवाय ती देऊ नये.

पहिली, दुसरा मार्ग खरोखर उरलेला नाही हे दाखवावे. मासे न मारताही मोजता येतात. शंभर मासे धरून खूण करून सोडावेत. ते सर्वत्र मिसळल्यावर पुन्हा शंभर धरावेत. त्यांत खुणेचे दहा निघाले, तर तलावात सुमारे हजार मासे आहेत. या हिशेबाला थोडा वेळ लागतो, पण जीव जात नाहीत.

दुसरी, त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांना, म्हणजे पिणाऱ्यांना, गुरे पाजणाऱ्यांना व कोळ्यांना, आधी त्यांच्या भाषेत सारे सांगावे. औषधात काय काय आहे, किती दिवस पाणी बंद राहील व तोवर पाणी कोठून मिळेल, हे गावापुढे वाचून दाखवावे आणि गावाचे ऐकून घ्यावे.

तिसरी, काम बिघडले तर भरपाई कोण देणार हे आधीच लिहून ठेवावे.

आपल्या देशातही या बाबतीत कायदा जुना आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने मासे धरण्यासाठी वा मारण्यासाठी पाण्यात विष, चुना वा अपायकारक पदार्थ घालणे गुन्हा ठरविले. विशिष्ट क्षेत्रापुरते हे कलम स्थगित करण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. पुढे राज्यांनी आपापले कायदे केले. म्हणजे सवलतीचे दार आपल्याकडेही आहे. ते कोणासाठी व कोणत्या अटीवर उघडते, याकडे गावाने लक्ष ठेवावे.

आता त्या तरुणाला उत्तर. बाबा रे, शास्त्रज्ञाला परवानगी मागावी लागते, नोंद ठेवावी लागते, विष उतरवावे लागते. तू ओढ्यात बाटली ओतलीस तेव्हा यांतले काय केलेस? खालच्या वळणावर म्हशी पाणी पितात आणि बाया कपडे धुतात. त्यांना तू विचारले होतेस काय?

ज्यांनी स्वतःच्या शेततळ्यात मत्स्यपालन धरले आहे, त्यांची गोष्ट निराळी. बीज सोडण्यापूर्वी मरळीसारखे हिंस्र मासे काढावेच लागतात. त्यासाठी प्रथम तळे उपसून कोरडे करावे. ते न जमल्यास मोहाची पेंड वापरतात. हेक्टरी एक मीटर खोल पाण्यास दोन ते अडीच हजार किलो पेंड लागते. तिचा विषार दोन-तीन आठवड्यांत जातो आणि पुढे तिचे खत होते. तोवर तळ्याचे पाणी ओढ्यात जाऊ देऊ नये, गुरांना पाजू नये आणि बोटुकली सोडू नये. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय तर हे करूच नये.

तळे आपले असेल, पण पाणी आपल्या बांधाशी थांबत नाही. खाली राहणाऱ्याला विचारणे ही पहिली परवानगी. सरकारची त्यानंतरची.