मनाच्या डॉक्टरांनाही शिकवणी हवी

मुंबईत काळाचौकीच्या चाळीत वाढणाऱ्या एखाद्या मुलाला आपण समलिंगी आहोत हे उमगलं, तर त्याने बोलायचं कुठे? दहा बाय बाराची खोली, सामाईक गॅलरी, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे कान. सरकारी ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, पण तो लावायलाही आडोसा लागतो. उरतं ते परळचं केईएम रुग्णालय. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं आणि आत समोरच्या खुर्चीत कोण भेटेल ते नशिबावर सोडायचं.

ते नशिबावर राहू नये, एवढीच मागणी आहे.

कागदोपत्री बरंच काही झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने 1990मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांत लैंगिक कलावरून भेदभाव करायला मनाई केली. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम 377च्या कक्षेबाहेर काढले. 2021मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांनी एका समलिंगी जोडप्याच्या प्रकरणात निकालाआधी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन विषय समजून घेतला. त्याच प्रकरणाच्या पाठपुराव्यातून राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022मध्ये लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

पण बंदीने फार तर काय करू नये ते कळतं. ‘लग्न करून टाक, सगळं सुरळीत होईल’ हा सल्ला शॉक किंवा औषधांइतकाच घातक असतो आणि तो देणारा कुठल्याही चौकशीत सापडत नाही. शिवाय आयोगाचा धाक डॉक्टरांना. गल्लोगल्लीच्या समुपदेशकांना तो लागू नाही.

आयोगाचंही भान किती कच्चं! ऑगस्ट 2024च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात स्त्रियांमधलं समलिंगी नातं पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्हा’ म्हणून छापलं गेलं. टीकेची झोड उठल्यावर काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला.

शिकवणारी माणसं मात्र मुंबईतच आहेत. मुंबई-पुण्यातले डॉक्टर समलिंगी पुरुषांवर कसले ‘उपचार’ करतात, याचा अभ्यास संशोधक के. पी. रानडे यांनी 2009मध्येच मांडला. मुंबईच्या ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ने 2019पासून समुपदेशकांसाठी खास अभ्यासक्रम सुरू केला, तो घडवणारे आणि शिकवणारे स्वतः क्वीअर समुपदेशक आहेत. समोरचा माणूस स्त्री-पुरुषांच्या चौकटीतलाच असणार, हे तपासणाऱ्याच्या मनातलं गृहीतक आधी उकरून काढायचं, तिथून शिक्षण सुरू होतं. अडचण एवढीच, की असं प्रशिक्षण ऐच्छिक आहे. ज्यांना कळकळ आहे ते येतात. ज्यांना खरी गरज आहे ते फिरकत नाहीत.

या शहराला हा विषय नवा नाही. वाचकांच्या हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून उत्तरं दिली म्हणून 1934मध्ये र. धों. कर्वे यांच्यावर खटला चालला. त्यांची बाजू मांडायला परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षं राहिलेले बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला. आज उत्तर देणाऱ्याला कायद्याचं पाठबळ आहे, उणीव आहे ती तयारीची.

म्हणून महापालिकेने केईएम, नायर, शीव आणि कूपर रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागांपासून सुरुवात करावी. डॉक्टर, समुपदेशक, वैद्यकीय समाजसेवक आणि केसपेपर लिहिणारे कर्मचारी अशा सगळ्यांना हे प्रशिक्षण सक्तीचं करावं, आणि ते मराठीतून द्यावं.