मूल 'डोये' लिहितं म्हणून डिस्लेक्सिया? गृहपाठ अडण्याचं कारण ओळखायचं कसं

अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेच्या आसपासचं तिसरीतलं एखादं मूल वहीत 'डोळे'ऐवजी 'डोये' लिहितं, 'मला'च्या जागी 'मले'. मग लाल गोल, घरी तोच शब्द दहा वेळा. पण वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. मूल जसं ऐकतं, बोलतं तसंच अक्षरांत उतरवतंय. प्रमाण मराठी त्याला सवयीने येईल. हा काही आजार नाही.

दुसरं एखादं मूल तोंडी उत्तर पटकन देतं, पण वाचायला बसवलं की अडतं. काल ओळखलेलं जोडाक्षर आज अनोळखी होतं. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिला जातो, फळ्यावरून उतरवताना ओळी गळतात. नीट शिकवूनही हे महिनोन्महिने टिकलं, तर विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे का, हे तपासायला हवं. वाचनातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातली डिस्ग्राफिया, गणितातली डिस्कॅल्क्युलिया. बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध नाही. आळसाशी तर नाहीच.

मराठी लिपीचे स्वतःचे पेचही आहेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. एकटा 'र' घ्या: 'प्र', 'र्प', 'ट्र', 'ऱ्य', चार वेगळी रूपं. त्यामुळे इंग्रजीतल्या चाचणीवरून मराठी मुलाचा निकाल लावणं चुकीचं ठरतं. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' ही चाचणी तयार केली, ती मराठीतही आहे.

कायदा काय म्हणतो?

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. 2016 च्या कायद्याने ती 21 प्रकारांत आणली. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी मिळत नाही आणि सवलतींची सगळी चर्चा परीक्षेभोवती फिरते. रोज संध्याकाळच्या गृहपाठाचं काय?

इथे केंद्राचं 2020 चं दप्तर धोरण कामाला येतं. त्यानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास, सहावी ते आठवीला दिवसाला 1 तास. मोजमाप पानांचं नाही, वेळेचं आहे. वर्गाला वीस मिनिटं लागणारा अभ्यास ज्या मुलाला तासभर पुरतो, त्याला तो सगळा द्यायचा कशाला? दहापैकी तीन गणितं शिक्षकांनी निवडून द्यावीत, बाकीची तोंडी घ्यावीत. त्यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही.

घरी काय करता येईल?

प्रश्न वहीत उतरवून घेणं आधी थांबवावं; त्यातच मूल थकतं. प्रश्न मोठ्याने कुणी वाचावा, मुलाने आधी तोंडी सांगावं, मग दोन ओळी लिहाव्यात. गणिताला चौकटींची वही घेतली की एकक-दशक आपल्या रांगेत राहतात. पाढ्यांचा तक्ता समोर असू द्यावा. ठरलेली वेळ संपली की 'इतकं झालं' असं लिहून पालकांनी सही करावी.

कापूस वेचणीच्या दिवसांत आईवडील अंधार पडल्यावर घरी येतात, काहींना स्वतःलाच वाचता येत नाही. तिथे 'पालकांनी अभ्यास घ्यावा' हा सल्ला पोकळ आहे. शिक्षकांनी धडा वाचून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली, तर मूल बोट ठेवून ऐकू शकतं. पाच मिनिटांचं काम आहे.

मदत मागायची कुठे?

पहिली चौकशी पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात करावी. समावेशित शिक्षणाचं काम तिथून चालतं. प्रमाणपत्राची चौकशी अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे इर्विनमध्ये. विशेष शिक्षकांची कमतरता जुनी आहे. 2022 मध्ये केंद्राने प्राथमिकला अशा 10 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. राज्याने 2024 मध्ये 4,860 पदांना मंजुरी दिली, साधारण एका केंद्राला एक. एका केंद्रात कितीतरी शाळा येतात, हे पाहता एक माणूस पुरणं अवघडच.

जाण्याआधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. सोबत वर्षभराच्या जुन्या वह्या न्याव्यात, लाल गोलांसकट.