वितळणाऱ्या तारेचा धर्म

घरातील ध्वनिवर्धक ऐन भजनाच्या वेळी मुका झाला, की कोणी चतुर गृहस्थ जळालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळतो आणि यंत्र पुन्हा गाऊ लागते. कमठाण्यात काय किंवा बीदर शहरात काय, अशा युक्तीचे कौतुकच होते. आमच्या मते ही युक्ती नव्हे, अविचार आहे.

फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती स्वतः वितळते व यंत्र वाचविते. आपल्या घरी वीज २३० व्होल्टची असते. १ अँपिअरचा फ्यूज सुमारे २३० वॅट शक्ती जाऊ देतो. तेथे ५ अँपिअरचा बसविला, तर आत बिघाड होऊनही तो ११५० वॅटपर्यंत निमूट राहील. बंद पेटीत तापलेली इस्त्री ठेवण्यासारखेच हे!

जुना फ्यूजही कोणी चुकीचा बसविलेला असू शकतो. म्हणून यंत्राच्या पाठीवर छापलेला आकडा प्रमाण मानावा. अँपिअर तितकेच हवेत. व्होल्ट २५० हवेत. मोटारीचा ३२ व्होल्टचा फ्यूज येथे चालणार नाही. ‘टी’ म्हणजे सावकाश वितळणारा, ‘एफ’ म्हणजे झटपट वितळणारा. ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्रात सुरुवातीस क्षणभर मोठा प्रवाह धावतो, म्हणून तेथे बहुधा ‘टी’ असतो.

प्लग काढूनच फ्यूज बदलावा. नवाही तत्काळ जळाला, तर यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावे. विद्यार्थिमित्रहो, धोक्याची सूचना देणाऱ्याचेच तोंड बांधणे हे शहाणपण नव्हे. चार पैशांच्या बचतीसाठी घर पणाला लावू नये.