संत्रा इथला, कारखाना इथला, मग हुनर शिकायला घाट कशाला चढायचा?

एक साधा हिशोब मांडू या.

बोरगावचं औद्योगिक क्षेत्र सौंसर तालुक्यात. रेमंडचा कापड कारखाना तिथंच. मोहगावपासून पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याच्या बागा, मधे कपाशी. नागपूर-इटारसी रेल्वे पांढुर्ण्यातून जाते. म्हणजे माल आहे, कारखाने आहेत, गाडी आहे. आता हे सगळं चालवायला जो हातात हुनर असलेला माणूस लागतो, तो घडवायला सरकारनं मोठा पैसा लावला कुठं?

छिंदवाड्यात. चपला-बुटांचं शिक्षण देणारी एफडीडीआय छिंदवाड्यात, कपडे शिवायचं शिकवणारं एटीडीसी छिंदवाड्यात, सीआयआयचं कौशल्य केंद्रही छिंदवाड्यात. एकाच जिल्ह्यात होतो तोवर 'आपल्याच जिल्ह्यात आहे ना' म्हणून गप्प बसता येत होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. कलेक्टर आले, एसपी आले, दुकानांच्या पाट्यांवर जिल्ह्याचं नाव बदललं. शिकायच्या जागा मात्र घाटावरच राहिल्या.

त्याच्या वर भोपाळ. तिथं संत शिरोमणी रविदास ग्लोबल स्किल्स पार्क उभा राहिला. आशियाई विकास बँकेच्या १५ कोटी डॉलरच्या कर्जातून हा पार्क आणि सोबत १० विभागीय आयटीआयची सुधारणा, अशी ती योजना. चांगलीच गोष्ट आहे. पण आपला विभाग जबलपूर. नागपूरला सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, जबलपूरला गेलं की मुक्कामच. आयटीआयला जाणारा पोट्टा बहुतेक दहावी झालेला असतो. घरी चार-पाच एकर शेती किंवा तीही नाही, संत्र्याच्या तोडणीला त्याचे हात लागतात. त्याला खोलीभाडं आणि मेसचा खर्च परवडत नाही. मुलीचं तर विचारूच नका. घरचे सरळ म्हणतात, "जवळ असेल तर शिक, नाही तर राहू दे."

मग होतं काय? पोट्टा ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागतो. बोरगावात, नाही तर हिंगणा-बुटीबोरीत. पाच वर्षं मशीनजवळ उभा राहून तो काम शिकतोही. पण त्याच्याजवळ कागद नसतो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांची जागा निघाली की पहिला प्रश्न असतो, आयटीआय आहे का? रेल्वेत, वीज कंपनीत तर त्याशिवाय फॉर्मच भरता येत नाही. वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा, फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. तेवढी एक-दोन वर्षं घराजवळ शिकायला मिळाली असती, तर पुढची तीस वर्षं वेगळी गेली असती.

राज्य सरकारची मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना २०२३ पासून आहे. बारावी झालेल्याला महिन्याला ८,००० रुपये, आयटीआयवाल्याला ८,५००, त्यातला ७५ टक्के वाटा सरकारचा. पण त्यात यायला किमान बारावी तरी पाहिजे किंवा आयटीआय. म्हणजे दहावीवर थांबलेल्याला या योजनेत शिरायचं दार एकच, आयटीआय. तेच दूर असलं, किंवा जवळ असून त्यात कामाचा ट्रेड नसला, तर योजना कागदावर कितीही चांगली असो, त्याच्या काय कामाची?

कोणी म्हणेल, "पोट्टे तर नागपूरलेच जातात, मग इथं पैसा लावून फायदा कोणाले?" या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे. एक तर आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, एनटीसी, अख्ख्या देशात चालतं. सौंसरात घेतलं तरी बुटीबोरीत चालतं, पुण्यातही चालतं. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्या राज्याची राजधानी होती. या भागातला माणूस कामाला तिकडं जाणारच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फरक एवढाच, की हेल्पर म्हणून जायचं की फिटर म्हणून. आणि दुसरं, सगळेच जात नाहीत. कोल्ड स्टोरेज सांभाळायला रेफ्रिजरेशन मेकॅनिक लागतो, ट्रॅक्टरला आणि मोटरपंपाला मेकॅनिक लागतो, संत्र्याचा रस-स्क्वॅश करायला फळप्रक्रिया शिकलेला माणूस लागतो. हे सगळे आयटीआयचेच विषय आहेत आणि हे काम गावातच आहे.

पैसा नाही, असंही नाही. मे २०२५ मध्ये केंद्रानं १,००० सरकारी आयटीआय सुधारायला पाच वर्षांसाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० कोटी राज्यांचे, १०,००० कोटी उद्योगांचे. पीएम-सेतू हे तिचं नाव. २०० आयटीआय मुख्य केंद्रं आणि त्यांना जोडलेली ८०० छोटी, अशी तिची रचना. आपल्या जिल्ह्यानं भांडायचं ते इथं. मुख्य केंद्र मोठ्या शहरात जाईल तर जाऊ दे, पण जोडलेल्या ८०० मध्ये पांढुर्णा आणि सौंसर ही दोन नावं असली पाहिजेत. नुसता रंग देऊन, फरशी बसवून भागणार नाही. ट्रेड वाढले पाहिजेत, मशीन चालू पाहिजे, शिकवणारा कायम पाहिजे. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनच्या एका युनिटमध्ये २० जागा असतात. एका ट्रेडची दोन युनिटं वाढली, की ४० घरांचा प्रश्न सुटायला लागतो.

दुसरी मागणी बोरगावच्या कारखान्यांकडे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेतलेच पाहिजेत. ही कोणाची मेहरबानी नाही. केंद्र सरकार स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, उचलतं. जर्मनीत पोरगं आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतं. आपल्याकडेही आयटीआय आणि कारखान्यानं मिळून शिकवायची दुहेरी प्रशिक्षण पद्धत सरकारी नियमांत आहे. कारखाना तालुक्यात, शिकणारा तालुक्यात, मग करार करायला अडचण कसली?

तिसरी गोष्ट भाषेची. घरी मराठी, शाळेत हिंदी, मशीनवरच्या पाट्या इंग्रजीत. आयटीआयची पुस्तकं काढणारी चेन्नईची निमी संस्था मराठीतही पुस्तकं काढते. ती आपल्या आयटीआयच्या वाचनालयात ठेवायला नवा कायदा करावा लागत नाही, मागणीचं एक पत्र पुरतं.

आणि चौथी महाराष्ट्र सरकारकडे. कर्नाटक सीमेवरच्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रानं अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वेगळा प्रवर्ग ठेवला आहे. ते बरोबरच आहे. तिथला वाद वेगळा, कोर्टातला. आपण राज्य बदलून मागत नाही. पण नागपूर-सावनेरच्या आयटीआयमध्ये सीमेलगतच्या मराठी पोरांसाठी थोड्या जागा ठेवायला काय हरकत आहे?

आता आपलं काम. नगर परिषदेच्या बैठकीत, ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. आमदार-खासदार संत्रा महोत्सवाला आले, की हार घालायच्या आधी निवेदन हातात द्या. आणि आयटीआयच्या जागा निघाल्या की फॉर्म भरा, बहिणीचाही भरा. जागा रिकाम्या राहिल्या, तर 'मागणीच नाही' असा शेरा मारून ट्रेड बंद करणं सगळ्यात सोपं असतं. तो शेरा मारायची संधी कोणालाही देऊ नका.