संमतिपत्रावर आपली सही कुठे आहे?

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच सातारा व सांगली जिल्ह्यांतील स्काऊट-गाइड चळवळीचे सर्व पदाधिकारी यांस,



दिवाळीची सुट्टी आटोपून शाळा भरल्या की आमच्या भागात स्काऊट-गाइडची धांदल सुरू होते. 7 नोव्हेंबरच्या ध्वजदिनाची स्टिकरं घरी येतात, त्यामागून मुलांनी स्वतः पैसे कमावण्याचा ‘खरी कमाई’ उपक्रम येतो, मग तालुक्याचा मेळावा आणि थंडीत एखादे दोन-तीन रात्रींचे शिबिर. मी कराड तालुक्यात राहतो. माझी मुलगी आठवीत आहे आणि गाइड आहे. बहिणीची दोन्ही मुले मिरजेत स्काऊटमध्ये आहेत. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या सूचना आमच्या घरच्या फोनवर येऊन पडतात. सूचना येतात, माहिती मात्र येत नाही. म्हणून हे पत्र.

आमचा भाग कसा आहे हे आपणांस मी सांगायला नको. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाला आजही लोक ‘आपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जवान कामी आले. देशातले पहिले सैनिक स्कूल 1961 मध्ये साताऱ्यातच उभे राहिले. इथे गणवेश घातलेला माणूस दारात आला तर त्याला आधी पाणी विचारतात, काम नंतर. जून 2025 मध्ये शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासून मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण देण्याचे सूतोवाच केले. त्यासाठी अडीच लाख माजी सैनिक आणि जोडीला क्रीडाशिक्षक, एनसीसी, स्काऊट-गाइड यांची मदत घेऊ असेही सांगितले. टाळ्या आमच्याच भागात जास्त पडल्या असतील. पण आपण आमच्या या श्रद्धेचा हिशेब धरूनच गप्प राहता का, असा प्रश्न आता मनात येऊ लागला आहे. ज्यांना विचारायची सवय नाही त्यांना सांगायची गरज नाही, असे तर आपण ठरवलेले नाही ना?

स्काऊटिंगविरुद्ध माझे काही म्हणणे नाही, उलट मी त्याच्या बाजूचा आहे. बेडन-पॉवेलनी 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर मूठभर पोरे घेऊन जे सुरू केले, त्यातले कितीतरी आजही आमच्या मुलांच्या उपयोगाचे आहे. मागे माझी आई अंगणात घसरली. मनगट सुजले, आम्ही मोठी माणसे गाडी कोणाची मागवायची यावर बोलत बसलो. मुलीने कपाटातून आपला गाइडचा स्कार्फ काढला, घडी घातली, आजीचा हात छातीशी टेकवून मानेमागे गाठ मारली. रीफ नॉट. डॉक्टरांनी ती झोळी पाहून “कोणी बांधली?” असे विचारले. हे तिला पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही. तंबू ताणणे, बिनभांड्याचा स्वयंपाक, शेकोटीपुढे चार लोकांत उभे राहून बोलणे हे सगळे तिला मिळावे, दोन रात्री घराबाहेर झोपताही यावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणूनच ती कोणाच्या भरवशावर झोपते, हे विचारण्याचा अधिकार मला हवा आहे.

आता त्या कागदाकडे येतो. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शुक्रवारी रात्री संमतिपत्र आले. सोमवारी सकाळी शुल्कासह जमा करायचे. ठिकाणाच्या रकान्यात ‘निसर्गरम्य परिसर’ एवढेच. सोबत कोणते शिक्षक, किती शिक्षिका, गाडी कोणाची, रात्रीचा मुक्काम पक्क्या खोलीत की तंबूत, जवळचा दवाखाना कोणता, यातले एकही अक्षर नाही. तळाशी मात्र ठळक ओळ होती : शिबिरकाळात माझ्या पाल्यास काही इजा अथवा अपघात झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील, शाळा अथवा शिक्षक जबाबदार राहणार नाहीत. मी गटावर विचारले, मुलींसोबत रात्री किती मॅडम असतील? उत्तर आले, “विश्वास ठेवा सर.” खाली सतरा-अठरा अंगठे उमटले. मी शाळेचे नाव घेत नाही, कारण हा मजकूर कोण्या एका शाळेचा नाही हे आपणही जाणता. वर्षानुवर्षे तो एका शाळेतून दुसरीत जसाच्या तसा उतरत आला आहे. मला सांगा, मूल आपल्या ताब्यात, रात्र आपल्या देखरेखीखाली आणि जबाबदारी तेवढी पंचवीस किलोमीटरवर घरी झोपलेल्या बापाची, हा कोणता न्याय? कायद्यापुढे ही ओळ आपले कर्तव्य पुसू शकेल असे आपले विधी सल्लागार तरी छातीठोकपणे सांगतील का? मग ती छापली कशाला जाते? आई-बापांनी नंतर तोंड उघडू नये एवढ्यासाठीच ना?

याच शासनाची ‘राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना’ आहे. पहिली ते बारावीच्या मुलाला अपघात झाला तर कुटुंबाला मदत देणारी. ती कुठल्या संमतिपत्रावर छापलेली मी पाहिलेली नाही. जबाबदारी झटकणारी ओळ ठळक छापता येते, तर हक्काची ओळ बारीक अक्षरांत तरी का येत नाही?

पथकाची नोंदणी दरवर्षी व्हावी लागते, स्काऊट मास्तर आणि गाइड कॅप्टन होण्यासाठी प्रशिक्षण घ्यावे लागते, गाइड कंपनीची कॅप्टन स्त्रीच असावी लागते, हे आपल्या पुस्तकात आहे. आमच्यापैकी किती पालकांना हे ठाऊक आहे? शाळेच्या फलकावर दहावीचा निकाल झळकतो, आमदारांच्या हस्ते झालेल्या उद्घाटनाचा फोटो झळकतो. पथकाचा नोंदणी क्रमांक आणि प्रशिक्षित शिक्षकाचे नाव लावायला खिळा मिळत नाही. त्यातून मिळत्याजुळत्या नावांच्या, मिळत्याजुळत्या गणवेशांच्या संस्थाही देशात आहेत. ‘भारत स्काऊट्स आणि गाइड्स’ ही 1950 मध्ये स्थापन झालेली, जागतिक संघटनेशी जोडलेली संस्था कोणती आणि दुसरी कोणती, हे एखाद्या ऊसतोड मजुराने ओळखायचे तरी कसे? की गळ्यात स्कार्फ आणि तोंडात शिट्टी असली की पुरे?

पुरे नसते, हे ऑगस्ट 2024 मध्ये तमिळनाडूतल्या कृष्णगिरीने दाखवून दिले. तिथल्या एका खाजगी शाळेत ‘एनसीसी शिबिर’ भरले. घेणारा माणूस एनसीसीचा नव्हताच. शाळेने एनसीसीकडे साधी चौकशीही केली नव्हती. मुक्कामाला असलेल्या मुलींवर अत्याचार झाले, आणि मुलींनी सांगितल्यावर प्रकरण दाबण्याचा प्रयत्न झाला म्हणून प्राचार्यांसह अनेकांना अटक झाली. एका फोनने जे टळले असते ते टळले नाही, कारण समोरचा माणूस गणवेशात होता. आमच्या दोन जिल्ह्यांत शिबिर घेणाऱ्या माणसाची अशी खातरजमा कोण करते? गटशिक्षणाधिकारी? जिल्हा संघटक? मुख्याध्यापक? की प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केली असेल?

त्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेतले लहान मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण घडले. 20 ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि 21 ऑगस्टला आपला शासन निर्णय निघाला. महिनाभरात शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, ‘सखी सावित्री’ समित्या, काही अनुचित घडल्यास 24 तासांत वरिष्ठांना अहवाल. यातली सखी सावित्री समिती तर आपण मार्च 2022 मध्येच प्रत्येक शाळेला बंधनकारक केली होती. म्हणजे 2022 चे वचन 2024 मध्ये पुन्हा द्यावे लागले. त्यानंतरही उच्च न्यायालयाला अंमलबजावणीबद्दल आपणांस वारंवार विचारावे लागले. हे सगळे आपल्या फायलींत आहे, मी नवे काही सांगत नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. कॅमेरा शाळेच्या फाटकावर असतो, तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर असते. शिबिराची गाडी फाटकातून बाहेर पडली की यातले काय सोबत जाते? मुक्कामाच्या ठिकाणी मुलीला काही सांगायचे झाले तर तिने ते कोणाला सांगायचे? चाइल्ड हेल्पलाइनचा 1098 हा क्रमांक शिबिरात एका पुठ्ठ्यावर लिहून टांगायला किती खर्च येतो? अत्याचाराची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा पोक्सो कायद्याने गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे शिबिरप्रमुखांना आपण निघण्यापूर्वी कधी वाचून दाखवता का?

अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सची गत आपल्या राज्य आणि राष्ट्रीय कार्यालयांना माहीत नसेल असे मी मानत नाही. संशयित स्वयंसेवकांच्या फायली त्यांनी अनेक दशके कुलपात ठेवल्या. शेवटी फेब्रुवारी 2020 मध्ये संस्थेला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, 82 हजारांहून अधिक लोकांनी लहानपणच्या अत्याचारांबद्दल दावे लावले, आणि भरपाईसाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरचा निधी उभारावा लागला. आज तिथे नियम आहे की कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन प्रौढ हवेत, आणि एकट्या प्रौढाने एकट्या मुलाबरोबर राहायचे नाही. साधा नियम आहे, त्याला अनुदान लागत नाही. आमच्याकडे जावळी, पाटण किंवा जतमधल्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी शिबिराला गेले तर दुसऱ्यांनी शाळा सांभाळायची असते. तिथे दुसरा प्रौढ कुठून येणार? तेव्हा आपण पथके कागदावर वाढवताना माणसे का वाढवत नाही?

मुलींच्या बाबतीत तर बोलायचेही आपण टाळता. पाळी आली तर काय, संडास मुक्कामापासून किती लांब, रात्री उठायचे झाले तर सोबत कोण, या तीन गोष्टी समजल्याशिवाय आमच्याकडची कोणतीही आई मनापासून सही करत नाही. करते ती भिडेने. आणि ज्या आईला भीड पडत नाही ती मुलीचे नाव सरळ काढून घेते. पुण्यात ‘संगम’ हे गाइडचे जागतिक केंद्र 1966 पासून उभे आहे, देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आणि त्याच राज्यातली आमची मुलगी केवळ उत्तर न मिळाल्याने मेळाव्याला मुकते.

पाण्याबद्दल. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील सहलीची 14 मुले बुडाली. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींसाठी नियमावली काढली. स्काऊट शिबिराला ती लागू होते की हा ‘उपक्रम’ म्हणून वेगळा, याचे सरळ उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. कृष्णा, कोयना, वारणा आमच्या उशापायथ्याशी आहेत. 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली, त्या बोटीत लाइफ जॅकेटे नव्हती. हे विसरलेला माणूस सांगली जिल्ह्यात सापडणार नाही. मग नदीकाठी तंबू ठोकताना किती दोर आणि किती पोहणारे सोबत असतात?

पैशांचे थोडक्यात सांगतो. नोंदणी शुल्क, गणवेश, स्टिकर, शिबिर शुल्क, आणि वर खरी कमाई. मुले भेळेच्या गाड्या लावतात, पोह्यांच्या पातेल्यामागे उभी राहतात, आम्हीच आमच्या मुलांकडून विकत घेतो. त्यात गंमत आहे, तक्रार नाही. पण स्वावलंबनाचा हा धडा हिशेबाच्या पावतीवर का थांबतो? किती जमले, पथकाकडे किती राहिले, वर किती गेले, हे मुलांना कळले तर तोच खरा धडा होईल. राज्यपुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार आणि दहावीच्या सवलतीच्या गुणांचे आमिष दाखवताना आपण जितके मोकळे असता, तितकेच इथेही असा.

शिक्षकांवर माझा राग नाही. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती आणि शालेय पोषण आहाराची नोंद हे सगळे करून जो माणूस रविवारी पोरांना गाठी शिकवतो, त्याला मी नमस्कारच करतो. त्याच्या माथी जबाबदारी टाकून आपण बाजूला होता, राग त्याचा आहे.

मागणी फार नाही. शिबिराच्या किमान पंधरा दिवस आधी, संमतिपत्राच्या आधी, एक पान पालकांच्या हाती द्या. त्यावर पथकाचा नोंदणी क्रमांक, सोबत येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे नाव आणि प्रशिक्षण, शिक्षिकांची संख्या, मुक्कामाचा नेमका पत्ता, गाडी, दवाखाना, खर्चाचा तपशील, आणि तक्रार करायची तर कोणाकडे, हे असू द्या. खाली मुख्याध्यापकांची आणि शिबिरप्रमुखांची सही. ती दिसल्यावर मी माझी करीन. आणि ती ‘सर्वस्वी जबाबदारी माझी’ची ओळ यापुढे कोणत्याही शाळेने छापू नये, असे परिपत्रक दोन्ही जिल्ह्यांत निघावे.

हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले नाही असे नंतर होऊ नये म्हणून माहितीच्या अधिकारातला अर्जही सोबत करीत आहे. दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांना, प्रत्येकी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. त्यात एवढेच विचारले आहे : चालू वर्षी नोंदणी झालेली पथके किती, त्यांतील प्रशिक्षित शिक्षक किती, मुक्कामी शिबिरांना परवानगी देताना कोणती कागदपत्रे तपासली, आणि ती कोणी तपासली. कायद्याने आपणांस 30 दिवस आहेत. मुलीच्या शाळेचे शिबिर त्यानंतरच्या आठवड्यात आहे.

आपला,
एक पालक
कराड तालुका, जि. सातारा