परवाना कुणाचा?

वडखळ नाक्यावर राहणाऱ्या बाईला प्रवासाचं काय कौतुक, असं कुणालाही वाटेल. एक रस्ता अलिबागला, दुसरा गोव्याला. सुट्टी लागली की गाड्यांची ही रांग! पण माझी तीस वर्षं त्या गाड्या बघण्यातच गेली. जाणारे नेहमी दुसरेच.

गेल्या मे महिन्यात मात्र आम्ही पाचजणी सिक्कीमला गेलो, थेट नथु ला खिंडीपर्यंत! 'ला' म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. उंची १४ हजार फुटांवर. आम्ही खाडीकाठच्या बायका, चार पायऱ्या चढलो की धाप लागायची. जुन्या काळी याच वाटेने तिबेटातून खेचरांवर लोकर यायची. १९६२ च्या युद्धात वाट बंद झाली, १९६७ साली इथे तोफा धडाडल्या. २००६ मध्ये, ४४ वर्षांनी, ती व्यापारासाठी उघडली आणि २०२० मध्ये व्यापार पुन्हा थांबला. मध्ये नुसतं तारेचं कुंपण. अलीकडे आपले जवान, पलीकडे चीनचे. तिथे गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

इथे यायला परवाना लागतो. ओळखपत्र आणि फोटो गंगटोकच्या एजंटकडे दिले, दुसऱ्या दिवशी परवाना हातात. एवढ्या नाजूक सीमेवर जायला सरकारने एक दिवस घेतला!

आणि घरच्या परवान्याला? "तुझे गुडघे बघ," "सीमेवर कशाला जायचं?", "ह्यांच्या जेवणाचं काय?" मी घरच्यांवर मनातून चिडले होते. पण परतताना गाडीत विचार करत बसले, तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी "मला जायचंय" असं एकदाही स्पष्ट म्हटलं नव्हतं. अर्जच केला नाही, मग परवाना कुठून मिळणार? आणि आठ दिवसांत ह्यांनी आमटीभात केला, थोडा करपवलासुद्धा, पण घर जागच्या जागी होतं.

मैत्रिणींनो, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एवढ्या उंचीवर जाऊ नका. सोमवार-मंगळवारी पर्यटकांना तिथे सोडत नाहीत, तेही ध्यानात ठेवा. बाकी घरच्यांना विचारायचं ते जरूर विचारा. पण "जाऊ का?" असं नको. "मी जातेय, आठ दिवस कसं जमवायचं?" असं विचारा.