मोहाला कशाला बदनाम करता?



‘मेक्सिकोची संस्कृतीच रक्ताळलेली, आणि आपल्या मोहाच्या गावांचंही तेच’ अशा आशयाचं पत्र वाचलं. सालेकसा तालुक्यात राहतो, म्हणून लिहितो.

चैत्रात पहाटे बायका टोपल्या घेऊन मोहाखाली वाकतात. अंगणात फुलं वाळून मनुक्यासारखी होतात. पूजेला त्यांचीच दारू. आधी चार थेंब भुईला, मग माणसाला. यात खूनखराबा कुठून आला?

तो येतो चोरट्या धंद्यातून. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, तरी बाटल्या पोचतच होत्या; भाव तेवढा वाढला. मेक्सिकोत अमली पदार्थांचं हेच, कितीतरी पटीनं. गिऱ्हाईक अमेरिकेचं, बंदुकाही बऱ्याचशा तिकडच्या. २००६च्या डिसेंबरात अध्यक्ष काल्देरोन यांनी टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं, त्यानंतर २००८पासून खुनांचा आकडा चढत गेला. संस्कृती का एका वर्षात बदलली?

टोळीवाल्यांचे गोडवे गाणारी गाणी तिथं आहेत, कबूल. (डॉनचे सिनेमे आपणही शिट्ट्या मारत पाहतो.) पण आधी पैसा आला, गाणी मागाहून.

पत्रलेखकांनी माघी पौर्णिमेला इथल्या कचारगडच्या यात्रेला यावं. जेवण आमच्याकडे.

– एक वाचक, सालेकसा (जि. गोंदिया)